कान तुटलेला कप

वार्तापत्राच्या संपादक बाईंचा निरोप आला, की 'खेळाने मला काय दिले' या विषयावर या अंकासाठी काहीतरी लिहून द्या. मी म्हटले, बाई, मी याच शाळेच्या हॉकी संघात तीन वर्षे राखीव खेळाडू होतो आणि तिन्ही वर्षे बाकावर बसून संत्री सोलत होतो. मी काय लिहिणार? बाई म्हणाल्या, पाहणाऱ्यालाही खेळ काही देतोच की. तेव्हा हे पाहणाऱ्याचे लिखाण आहे, आणि त्यात खेळापेक्षा चहा-जेवणाच्याच गोष्टी जास्त आहेत. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

भोपाळ १९५६ साली राजधानी झाले आणि नागपूरकडून, ग्वाल्हेर-इंदूरकडून सरकारी नोकरीतली मराठी कुटुंबे इथे येऊन राहिली. माझे आजोबा त्यांपैकीच. टीटी नगरच्या सरकारी क्वार्टरांत शेजार आपण निवडायचा नसतो, तो अलॉटमेंटने मिळतो. आम्हाला मिळालेला शेजार फार चांगला होता. वडिलांच्याच खात्यातले खाँसाहेब, त्यांची मोठी मुलगी, आणि माझ्याच वयाचा मुलगा. त्याला घरी सगळे छोटे म्हणत, आम्हीही छोटेच म्हणायचो. त्याचे खरे नाव लिहीत नाही, कारण हा लेख त्याच्यापर्यंत पोहोचणार हे मला ठाऊक आहे.

मुलांनो, त्या काळच्या भोपाळमध्ये हॉकी म्हणजे काय होते हे आज सांगून पटणार नाही. छोटेचे मामू आम्हा दोघांना सायकलच्या पुढेमागे बसवून ऐशबाग स्टेडियमवर औबेदुल्ला खाँ गोल्ड कपचे सामने पाहायला नेत. १९७५ च्या विश्वचषकात मलेशियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात भारत मागे पडलेला असताना आपल्या भोपाळच्या अस्लम शेर खान यांना बदली म्हणून उतरवले, त्यांनी गळ्यातल्या ताविजाचे चुंबन घेतले आणि पेनल्टी कॉर्नरवर बरोबरीचा गोल केला. ही गोष्ट मामू इतक्या वेळा सांगत, की आम्हाला वाटे, तो सामना क्वालालंपूरला नाही, ऐशबागलाच झाला असावा.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट क्रिकेटची आहे. सन १९९१.

दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट संघाला १९७० पासून जगात कोणी खेळायला बोलावत नव्हते. तिथल्या सरकारने माणसांची कातडीच्या रंगावरून विभागणी केली होती. शाळा वेगळ्या, दवाखाने वेगळे, बागेतली बाकेसुद्धा वेगळी, आणि देशाच्या संघात फक्त गोरे. आपल्या देशाने तर १९४६ पासूनच त्यांच्याशी व्यापार बंद केला होता. १९७४ साली डेव्हिस कप टेनिसच्या अंतिम फेरीत आपण पोहोचलो, समोर दक्षिण आफ्रिका आली, आणि आपण खेळायचे नाकारून कप सोडून दिला. माझ्या वडिलांच्या जुन्या पासपोर्टवर तर दक्षिण आफ्रिकेसाठी वैध नाही, असा शेराच होता. वडील भोपाळ सोडून कुठे गेले नाहीत, पण तो शेरा ते अभिमानाने दाखवत.

मग १९९० च्या फेब्रुवारीत नेल्सन मंडेला सत्तावीस वर्षांनी तुरुंगाबाहेर आले, वर्णभेदाचे कायदे एकेक करून रद्द होऊ लागले, आणि जुलै १९९१ मध्ये आपल्याच प्रस्तावावरून त्या देशाला आंतरराष्ट्रीय क्रिकेट संघटनेत परत घेतले गेले. नोव्हेंबरमध्ये त्यांचा संघ भारतात आलासुद्धा. एवढी घाई का झाली, तर त्या महिन्यात खरे म्हणजे पाकिस्तानचा संघ यायचा होता. मुंबईच्या वानखेडे मैदानाची खेळपट्टी उकरली गेली आणि तो दौरा रद्द झाला. त्या रिकाम्या जागी हे पाहुणे आले. एका पाहुण्याला दार लावून दुसऱ्याला उघडले, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नव्हते. छोटेच्या आले होते, पण तो काही बोलला नाही.

पहिला सामना १० नोव्हेंबरला कलकत्त्याला ईडन गार्डन्सवर झाला. नव्वद हजारांच्या वर लोक होते. त्यांचा कर्णधार क्लाईव्ह राईस म्हणाला, की चंद्रावर उभे राहताना नील आर्मस्ट्राँगला काय वाटले असेल ते मला आज कळले. दुसरा सामना १२ तारखेला ग्वाल्हेरला होता, आणि ग्वाल्हेर म्हणजे माझे आजोळ! मामाने दोन तिकिटे मिळवली. मी आणि छोटे रात्रीच्या गाडीने, बसायला जागा नाही म्हणून दारापाशी वर्तमानपत्र अंथरून, ग्वाल्हेरला पोहोचलो.

कॅप्टन रूपसिंग स्टेडियम हे ध्यानचंदांच्या धाकट्या भावाच्या नावाचे मैदान. तो दिवस मी विसरणार नाही. पाहुणे मैदानात उतरले तेव्हा लोक उभे राहिले. ज्या देशाला आपण पंचेचाळीस वर्षे वाळीत टाकले होते, त्याच्या खेळाडूंच्या चौकारांना आमच्या स्टँडमधून टाळ्या पडत होत्या. माझ्या पुढच्या रांगेत एक सरदारजी होते, ते प्रत्येक षटकानंतर सीमारेषेवरच्या गोऱ्या क्षेत्ररक्षकाला 'वेलकम, वेलकम' असे ओरडत. तो बिचारा दर वेळी वळून टोपी काढी. सामना आपण ३८ धावांनी जिंकलो. मी छोटेला म्हटले, बघ, खेळाने कशी दिलजमाई होते!

छोटे बराच वेळ मैदानाकडे बघत होता. मग म्हणाला, "यार, मैंने गिने. काला तो इनमें एक भी नहीं है."

खरेच नव्हता. संघाबरोबर दोन बिगरगोऱ्या तरुणांना अनुभव म्हणून आणले होते, पण खेळलेले अकराच्या अकरा गोरे. ज्यांच्यावर अन्याय झाला ते घरी, आणि ज्यांनी केला त्यांना आपण माफ करून मोकळे झालो होतो. छोटेचे म्हणणे मला तेव्हा रसभंग करणारे वाटले.

आता कपाची गोष्ट. सामन्याहून मामाकडे परतलो. दिवाळी होऊन आठवडा झाला होता, फराळाचे डबे अजून भरलेले होते. आजीने सगळ्यांना चकल्या दिल्या, चहा दिला. आम्हाला स्टीलच्या पेल्यांतून. छोटेला चिनी मातीच्या कपातून, आणि त्या कपाचा कान तुटलेला होता. तो कप कुठून आला हे मी पाहिले होते. तो कपाटातून आला नव्हता, मागच्या पडवीच्या कोनाड्यातून आला होता. माझी आजी दुष्ट नव्हती हो. तिने छोटेला आग्रह करून दोन चकल्या जास्त वाढल्या, त्याच्या आईची चौकशी केली, जाताना प्रवासासाठी लाडू बांधून दिले. पण कप मात्र कोनाड्यातला.

छोटेने चहा घेतला, उठला, अंगणातल्या नळाखाली कप स्वतः विसळला आणि कोनाड्यात होता तसा पालथा ठेवून आला. कोणी सांगावे लागले नाही. म्हणजे असे कप त्याने आधीही पाहिले होते. मी काय केले? चकली खात बसलो.

मला दुःख याचेच होते, की आमच्या भोपाळच्या घरात असे काही नव्हते. १९८४ च्या डिसेंबरात, गॅसच्या त्या रात्री, जुन्या शहरातून डोळे चोळत धावत आलेली माणसे आमच्या आणि खाँसाहेबांच्या ओसरीवर येऊन पडली होती, तेव्हा आईने एकाच पातेल्यातला चहा हाताला येईल त्या भांड्यातून सगळ्यांना दिला होता. तेव्हा कोनाडा कोणाला आठवला नाही. सात वर्षांनी ग्वाल्हेरला मला तो दिसला आणि मी गप्प राहिलो.

पुढे कधीतरी पळवणकर बाळू यांच्याविषयी वाचले तेव्हा तो कप पुन्हा डोळ्यांपुढे आला. आपल्या मराठी मुलांना बाळूंचे नाव माहीत असायला हवे. चर्मकार समाजात जन्मलेला हा डावखुरा फिरकी गोलंदाज त्याच्या काळातला देशातला बहुधा सर्वांत मोठा गोलंदाज होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. पण त्याआधी पुण्यात हिंदूंच्या संघाकडून खेळताना त्याला चहा पॅव्हिलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यातून मिळे आणि जेवण वेगळ्या जागी, वेगळ्या ताटात. त्याने टाकलेला चेंडू सगळे झेलत होते. गोऱ्यांचा संघ हरवायला तो हवा होता. मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना कधीच मिळाले नाही. त्यांचा धाकटा भाऊ विठ्ठल याला ते मिळायला १९२३ साल उजाडावे लागले. विठ्ठलने त्या वर्षी युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकून दाखवली. म्हणजे मैदानातली शिवाशिव आधी गेली आणि पंगतीतली मागे राहिली. दक्षिण आफ्रिकेकडे बोट दाखवण्यापूर्वी हे मला माहीत असते तर बरे झाले असते.

१९९२ साली आपला संघ उलट भेटीला दक्षिण आफ्रिकेत गेला. त्या देशाचा अधिकृत दौरा करणारा हा पहिला बिगरगोरा संघ. दौऱ्याचे नावच मैत्रीचा दौरा असे होते. दरबानच्या पहिल्याच कसोटीत आपल्या प्रवीण आमरेने पदार्पणात शतक ठोकले, आणि त्याच सामन्यात ओमर हेन्री हा चाळीस वर्षांचा बिगरगोरा फिरकीपटू त्यांच्या संघात आला. मी आणि छोटेने दोन्ही गोष्टी खाँसाहेबांच्या ओट्यावर साजऱ्या केल्या. "एक हुआ," छोटे म्हणाला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी ६ डिसेंबर आला.

मोठ्यांना ते दिवस सांगायला नकोत. सात तारखेपासून भोपाळमध्ये कर्फ्यू होता. शंभराहून अधिक माणसे त्या दंगलीत गेली. त्याच सात तारखेला केपटाउनला मैत्रीच्या दौऱ्याचा पहिला एकदिवसीय सामना होता आणि आपला कर्णधार होता महंमद अझरुद्दीन. आमच्या क्वार्टरांत काही झाले नाही. पण तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी एक जीप आली आणि खाँसाहेबांचे कुटुंब दोन ट्रंका घेऊन कोहेफिजाला नातेवाइकांकडे निघाले. मी खिडकीत उभा होतो. छोटेने जीपमध्ये चढताना वर पाहिले. आई म्हणाली, जाऊन ये रे खाली. चार पायऱ्या होत्या. मी उतरलो नाही. भीती वाटली म्हणावे तर रस्त्यावर पोलीस उभे होते. खरे सांगायचे तर, खाली जाऊन काय बोलायचे ते मला सुचले नाही, आणि बोलायला काही नसेल तर नुसते उभे राहावे, हे एकवीस वर्षांच्या मुलाला कळले नाही. ते कुटुंब परत आले नाही. क्वार्टर दुसऱ्याच्या नावे झाले.

१९९५ च्या मे-जूनमध्ये दक्षिण आफ्रिकेने रग्बीचा विश्वचषक आपल्या घरी भरवला. यावर पुढे सिनेमाही निघाला, पालकांपैकी अनेकांनी पाहिला असेल. रग्बी हा तिथे गोऱ्यांचा, त्यातही आफ्रिकानर लोकांचा खेळ. त्यांच्या संघाची हिरवी जर्सी कृष्णवर्णीयांना इतकी नकोशी, की ते पाहुण्या संघासाठी टाळ्या वाजवत. मंडेलांच्या पक्षातल्या पुष्कळांना ती जर्सी आणि तिच्यावरचे हरणाचे चिन्ह कायमचे काढून टाकायचे होते. मंडेलांनी ते राहू दिले. आणि २४ जूनला, अंतिम सामन्याच्या दिवशी, स्वतः तीच हिरवी जर्सी, कर्णधार फ्रांस्वा पिनारचा ६ क्रमांक पाठीवर घेऊन, जोहान्सबर्गच्या मैदानात उतरले. प्रेक्षक बहुतांश गोरे होते. ते मंडेलांच्या नावाचा गजर करू लागले. न्यूझीलंडला १५-१२ असे हरवून त्यांनी कप घेतला.

मला या प्रसंगात सामन्यापेक्षा जर्सी मोठी वाटते. यजमान मंडेला होते. दुखावलेलेही तेच होते. तरी दोन पावले पुढे तेच आले, आणि ज्या कपड्याची चीड यावी तो अंगावर चढवला. ग्वाल्हेरला आम्ही नुसत्या टाळ्या वाजवल्या होत्या. टाळीला काही पडत नाही.

पण तेवढ्याने सगळे गोड झाले, असे मी मुलांना सांगणार नाही. १९९५ च्या त्या संघात एकच बिगरगोरा खेळाडू होता, चेस्टर विल्यम्स. पुढे १९९८ मध्ये मखाया एन्टिनी हा दक्षिण आफ्रिकेकडून खेळणारा पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकन क्रिकेटपटू झाला. १०१ कसोटी, ३९० बळी. या एन्टिनीने २०२० साली एका मुलाखतीत सांगितले, की त्या सगळ्या वर्षांत तो एकटा होता. रात्रीच्या जेवणाला चल म्हणून त्याचे दार कोणी वाजवत नसे. न्याहारीला तो बसला की शेजारी कोणी बसत नसे. बसमध्ये तो मागे बसला तर बाकीचे पुढे सरकत. म्हणून तो आपली बॅग बसच्या ड्रायव्हरकडे देई आणि हॉटेलपासून मैदानापर्यंत धावत जाई. लोकांना वाटे, काय मेहनती गडी आहे! मंडेलांच्या जर्सीनंतर कित्येक वर्षे हे चालले होते.

ही मुलाखत मला वर्तमानपत्रात वाचायला मिळाली तेव्हा मी ती कापून छोटेला पाठवली. होय, तोवर आमचे पुन्हा बोलणे सुरू झाले होते. तेही ग्वाल्हेरमुळेच. २४ फेब्रुवारी २०१० ला त्याच रूपसिंग मैदानावर, त्याच दक्षिण आफ्रिकेविरुद्ध सचिन तेंडुलकरने नाबाद २०० धावा केल्या, एकदिवसीय क्रिकेटमध्ये पुरुषांमधले पहिले द्विशतक. सगळा देश सचिनकडे बघत होता. मी मात्र पडद्यावर पाहुण्यांचे क्षेत्ररक्षक मोजत होतो. अमला, गिब्ज, डुमिनी, पीटरसन, पार्नेल, लँगेवेल्ट. रात्री खात्यातल्या एका जुन्या माणसाकडून नंबर मिळवला आणि सतरा वर्षांनी फोन लावला. मी माझे नाव सांगितले. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग आवाज आला, "छह थे. गिने तूने?"

खिडकीविषयी मी त्या दिवशी काही बोललो नाही. पुढे एकदा बोललो. तो म्हणाला, "मालूम है." एवढेच. मग मुलांच्या परीक्षांविषयी बोलू लागला.

आता हे सगळे मी शाळेच्या वार्तापत्रात का लिहितो आहे, ते सांगतो. आपल्या शाळेच्या मैदानावर तीन वर्षांपासून आंतरशालेय हॉकी स्पर्धा होते. गेल्या हिवाळ्यात आठ संघ आले, त्यांतले तीन जुन्या शहरातले. खेळ उत्तम झाला, हस्तांदोलने झाली, फोटो निघाले. जेवणाची व्यवस्था माझ्याकडे होती. आपल्या मुलांची पंगत सभागृहात बसली, पुरी-भाजी, मसालेभात, जिलेबी. बाहेरच्या संघांना तेच जेवण पाकिटांत भरून निंबाखाली दिले. जागा कमी पडते, लवकर आटपते, हे कारण बैठकीत निघाले आणि कोणाच्याही मनात वाईट नव्हते, मी शपथेवर सांगतो. कागदावर सही माझीच आहे.

जुन्या शहरातल्या एका संघाबरोबर छोटे आला होता, पुतण्याचा पालक म्हणून. मी त्याला सभागृहात चल म्हणालो. तो म्हणाला, "बच्चों के साथ ठीक हूँ." जेवून झाल्यावर त्याने आपल्या संघातल्या मुलांची रिकामी पाकिटे एकेक करून गोळा केली, घडी घातली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकून आला. जागा कशी लख्ख करून ठेवली होती! मी सभागृहाच्या दारात जिलेबीचे ताट घेऊन उभा होतो आणि मला ग्वाल्हेरचा नळ ऐकू येत होता.

यंदाच्या बैठकीत पाकिटांचा प्रश्न पुन्हा निघेल. विश्वस्त मंडळींना माझी विनंती लेखी दिलेली आहे, इथे पुन्हा मांडतो. सभागृहात एका वेळी साठ पाने मांडता येतात, मी स्वतः मोजून पाहिले. दहा संघ आले तरी तीन पंगतींत जेवण होते आणि शेवटचा सामना अर्धा तास पुढे ढकलावा लागतो, इतकेच. प्रत्येक पंगतीत संघ मिसळून बसवायचे. वाढायला किमान पंधरा पालक लागतील. माझे नाव पहिले घातले आहे. छोटेलाही विचारले, तो म्हणाला मसालेभात तो वाढेल, पुऱ्यांचे त्याला जमत नाही. बाकीच्यांनी आपली नावे शनिवारपर्यंत कार्यालयात द्यावीत.